आली गाडी, तवा ठेव!

आमच्या लहानपणी परळच्या चाळीत रात्री अकराच्या सुमारास आजी अंथरुणातूनच ओरडायची, "आली गाडी, तवा ठेव!" वडील टॅक्सी चालवीत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, काळ्या अंगाची आणि पिवळ्या टपाची फियाट. चाळीपुढच्या रस्त्यावरून रात्री तशा कितीतरी फियाट जात. सगळ्या एकाच साच्यातल्या. तरी आजीचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही. आमच्या गाडीच्या सायलेन्सरला एक बारीक भोक होते आणि वडिलांनी पाय उचलला की त्यातून कोणी दारामागे खोकल्यासारखा आवाज येई. ते भोक बुजवायला वडील कित्येक महिने तयार नव्हते. खरे कारण पैशांचे होते. सांगताना मात्र ते आजीचे नाव सांगत.

सकाळी गाडी पुसून झाली की वडिलांचा एक विधी असे. मागच्या धुराच्या नळीत ते बोट फिरवीत आणि बाहेर काढून मला दाखवीत. कोरडी काळी काजळी आली, तर कार्बुरेटर पेट्रोल जास्त पाजतो आहे. तेलकट काळे आले, तर इंजिन ऑइल पिते आहे. आणि फिकट राखी भुकटी आली की गाडीची तब्येत उत्तम! राखी रंग दिसला की स्वारी खूश होई. एकदोनदा तर त्यांनी तेच बोट माझ्या कपाळाला टेकवले आणि म्हणाले, "घे, अंगारा लाव." त्या अंगाऱ्याची हकीकत पुढे येणार आहे.

मोटारीला हा आवाज फुटतो कुठून? सिलिंडरात पेट्रोल जळून त्याचा वायू होतो, त्याने दट्ट्या ढकलला जातो आणि मग त्या वायूला बाहेर जायला दार उघडते. पण दार उघडते तेव्हाही आतला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. साहजिकच वायू धडपडत बाहेर पडतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर असे धक्के सेकंदाला १०० बसतात आणि आपल्या कानाला ते सुटे न लागता मंद्र सप्तकातला एक सलग सूर लागतो. एकाच सिलिंडरच्या मोटारसायकलचे धक्के मात्र संथ चालीत एकेक करून मोजता येतात. म्हणून तर मराठीने तिचे बारसे सरळ 'फटफटी' असे करून टाकले!

या धडपडीला आवर घालण्याची युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेत मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ सालीच मोटारीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. डब्यात कप्पे करायचे, भोके पाडलेल्या नळ्या बसवायच्या आणि वायूला एवढे वळसे घालायला लावायचे की बाहेर येईतो त्याचा जोर संपला पाहिजे. परंतु माणसाचा स्वभाव पाहा. सायलेन्सर आला आणि त्याच्या पाठोपाठ सायलेन्सर चुकवायची झडपही आली. पायाने एक खटका दाबला की वायू डब्यात न शिरता थेट बाहेर. चढावर थोडा जोर मिळतो, हे सांगायचे कारण. गावातून जाताना, सपाट रस्त्यावर, तो खटका का दाबला जाई हे मला वाटते कोणालाही समजावून सांगायला नको.

या हौसेचे शिखर मात्र आपल्याच देशात, कलकत्त्यात गाठले गेले. तिथल्या रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन नावाच्या इंग्रज धनिकाने १९१० साली इंग्लंडातल्या लोस्टॉफ्टच्या ब्रूक कंपनीकडून एक मोटार बांधून घेतली. मोटार कसली, चाकांवरचा राजहंसच तो! पुढे उंच मान, चोच, रात्री पेटणारे डोळे, अंगभर पिसांचे कोरीव काम. चोचीतून फुसकन वाफ निघे आणि समोरची गर्दी बाजूला होई. मागून चुन्याची निवळी टाकायची सोय होती, म्हणजे हंसाचा देह पुरता हंसाचाच वाटावा! (ही कल्पना ज्याला सुचली तो मनुष्य घरात किती गंभीर चेहऱ्याने वावरत असेल, असे माझ्या मनात नेहमी येते.) पण आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्याच्या गळ्याचा. धुराच्या वाटेवर आठ नळ्यांचा एक कर्णा बसवला होता आणि मागच्या आसनाजवळ पेटीसारख्या पट्ट्या होत्या. पट्टी दाबली की इंजिनातून फुकट जाणारा वायू त्या त्या नळीत शिरून सूर काढी. जगभर लोक ज्या वायूचे तोंड बंद करायला धडपडत होते, त्याला इथे गायला बसवले होते. या हंसाच्या दर्शनाने कलकत्त्याच्या रस्त्यांवर एवढा गोंधळ उडाला की पोलिसांना त्याच्यावर बंदी घालावी लागली. पुढे तो नाभाच्या महाराजांकडे गेला, आणि आता नेदरलंड्समध्ये हेग येथील लाउमन संग्रहालयात आहे. निमूट.

याच सुमारास अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम बंदुकीचा आवाज दाबायच्या खटपटीत होता. त्याचा बाप मशीनगनचा जनक. तोफा-बंदुकांच्या संगतीत तो म्हातारपणी बहिरा झाला. मुलगा मूळचा मोटारींचा इंजिनिअर. नहाणीच्या टबातले पाणी भोवरा करून मोरीत उतरताना पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. वायूलाही असेच फिरवत ठेवले तर? १९०९ साली त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले, आणि पुढे त्याची कंपनी इंजिनांचेच सायलेन्सर करू लागली.

आवाज असा आत गेला तेव्हा रूप बाहेर आले. १९३२ साली अमेरिकेत ड्यूझेनबर्ग कंपनीने हवा कोंबणाऱ्या यंत्राची, ३२० अश्वशक्तीची मोटार काढली. आत जागा पुरेना म्हणून धुराच्या नळ्या बॉनेटच्या कुशीतून बाहेर काढल्या; क्रोमचा मुलामा दिलेल्या, हत्तीच्या सोंडेसारख्या लवचिक. त्या लोकांना इतक्या आवडल्या की ज्यांच्या गाडीत ते यंत्र नव्हते, तेही नुसत्या नळ्या लावून मागू लागले! इंदूरच्या यशवंतराव होळकरांनीही ड्यूझेनबर्ग घेतली. सांगाडा अमेरिकेचा, अंगरखा लंडनच्या गर्नी नटिंगने शिवलेला. आजच्या गाड्यांच्या मागेही पुष्कळदा चकचकीत तोंडे दिसतात आणि खरी नळी खाली लपलेली असते. तो दागिना तेव्हापासूनचा.

आता अंगाऱ्याकडे वळतो. १९२१ च्या डिसेंबरात ओहायोतल्या डेटन गावी थॉमस मिजली हा संशोधक एका आवाजाच्याच मागे लागला होता. पेट्रोल अवेळी भडकले की इंजिनातून खटखट ऐकू येते. ती बंद करायची होती. पेट्रोलात शिशाचे एक द्रव्य थेंबभर मिसळले आणि खटखट थांबली. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. नावात शिशाचा उच्चार नव्हता. मिजली स्वतः शिशाने आजारी पडला होता. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात पाच कामगार या द्रव्याने भ्रम होऊन मेले, तेव्हा त्याने पत्रकारांसमोर त्यातच हात धुऊन दाखवले. त्यानंतर अर्धशतक आणि अधिक काळ जगातल्या बहुतेक मोटारी मागच्या नळीतून शिसे सोडीत धावल्या. त्याला आवाज नव्हता आणि हवेत ते दिसतही नव्हते. नळीच्या आत साचे तेव्हा मात्र त्याला रंग होता: फिकट राखी.

धूर शुद्ध करणारे यंत्र शिशाने निकामी होते, म्हणून त्याच्या हकालपट्टीला खरा जोर आला. मुंबई धरून चार महानगरांत १९९५ पासून नव्या मोटारींना ते यंत्र सक्तीचे झाले, २००० साली देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल गेले आणि २०२१ मध्ये अल्जीरियात त्याचा जगातला शेवटचा पंप बंद झाला. वडिलांनी ही बातमी वाचली नाही. ते त्याआधीच गेले. सतरा-अठरा वर्षे रोज सकाळी ते बोट त्यांनी नळीत घातले आणि धोतराला पुसले. त्याने त्यांचे काय केले, माझे काय केले, मला सांगता येणार नाही. चाळीतल्या माणसांचे रक्त त्या वेळी कोण तपासत होते?

गेल्या दिवाळीत भाचा नवी विजेची मोटार घेऊन आला. युरोपात २०२१ पासून अशा प्रत्येक नव्या गाडीला हळू जाताना मुद्दाम आवाज काढावा लागतो, नाहीतर पायी चालणाऱ्याला ती कळत नाही. भाच्याची गाडी मात्र मांजराच्या पावलांनी दारात येऊन उभी राहिली. मी जुन्या सवयीने मागे जाऊन वाकलो. बोट घालायला तिथे काहीच नव्हते.

आई आता नव्वदीला आली आहे. ती काठी टेकीत बाहेर आली, गाडीकडे पाहिले आणि भाच्याला म्हणाली, "आलास कधी? अरे, कळले असते तर तवा ठेवला असता."