ओठ, हात आणि भाषा

जन्मापासून ऐकू न येणारे मूल बोलत नाही, कारण बोलणे कसे असते हे त्याच्या कानांवर कधी पडलेलेच नसते. त्याची जीभ, ओठ, स्वरयंत्र बहुधा अगदी ठणठणीत असतात. आज हे कोणालाही साधे वाटेल. पण ‘मूकबधिर’ हा आपल्याकडे रुळलेला जोडशब्द पाहा. ‘मूक’ आणि ‘बधिर’ ही दोन व्यंगे एकाच देहात एकत्र आली आहेत, असे तो सुचवतो. त्यामागे आणखी एक समजूत दडलेली असते: ज्याला वाचा नाही त्याला भाषा नाही, आणि ज्याला भाषा नाही त्याला बुद्धीही बेताचीच. बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे ही समजूत एकेक पदर करून सुटत जाण्याचा इतिहास आहे. ती अजून पूर्ण सुटलेली नाही, आणि तिची किंमत मुले मोजत आहेत. म्हणून शिक्षकांनी हा इतिहास माहीत करून घ्यायला हवा.

वाचा आणि वाटा

या समजुतीचा सर्वांत उघड परिणाम मालमत्तेच्या कायद्यात दिसतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलार्जित संपत्तीत वाटा नसलेल्यांची यादी आहे. तिच्यात जन्मांध आणि जन्मबधिर यांच्याबरोबर मूकही आहे. अशा व्यक्तींना अन्नवस्त्र द्यावे, पण वाटा देऊ नये, असा तो नियम. बाराव्या शतकाच्या सुमारास विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली ती चालुक्यांच्या कल्याण येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. सोलापूर जिल्ह्यापासून हे गाव फार लांब नाही. मिताक्षरेने हा नियम कायम ठेवला, मात्र दोष औषधाने बरा झाला तर वाटा मिळावा अशी सवलत दिली. पुढे ब्रिटिश काळातील न्यायालयांनीही हिंदू कायदा म्हणून हेच तत्त्व लावले. जन्मजात लुळेपण, बहिरेपण, मुकेपण यांमुळे वारसा नाकारणे कायद्याने बंद झाले ते 1928 साली. बंगालातील दायभाग पद्धतीला तो कायदा लागू नव्हता, आणि जन्मापासून वेडसर किंवा मतिमंद असलेल्यांना तर त्यातूनही वगळलेच होते. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अशी सर्वच बंधने काढून टाकली.

युरोपातही चित्र फारसे वेगळे नव्हते. सोळाव्या शतकात स्पेनमधील पेद्रो पोन्से दे लेओन या ख्रिस्ती साधूने वेलास्को या सरदार घराण्यातील बहिऱ्या मुलांना लिहायला, वाचायला आणि बोलायलाही शिकवले. बहिऱ्यांच्या शिक्षणाची ही पहिली नीट नोंदलेली हकिकत मानतात. त्यामागे वारसाहक्काचा प्रश्नही होता, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे बहिऱ्या मुलाला बोलके करण्याची धडपड सुरू झाली ती काही प्रमाणात इस्टेटीपायी! ‘बोलतो तोच माणूस’ हे गृहीत तेव्हापासून या शिक्षणाच्या पायातच बसले.

पॅरिस, लाइपझिग आणि मिलान

अठराव्या शतकात दोन वाटा फुटल्या. पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूच्या लक्षात आले की, शहरातील बहिरी माणसे आपसांत हातांनी व्यवस्थित बोलतात. त्याने त्या खुणा शिकून घेतल्या, त्यांना फ्रेंच व्याकरणाची जोड दिली आणि 1760च्या सुमारास गरीब मुलांसाठी शाळा काढली. जर्मनीत सॅम्युएल हायनिके याने 1778 साली लाइपझिगला शाळा उघडली. त्याचा भर तोंडी बोलण्यावर होता. खुणांना वाव दिला तर मूल बोलायचा प्रयत्नच करणार नाही, असा तोंडी पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा दावा असे.

पॅरिसच्या शाळेत शिकून तिथेच शिक्षक झालेला लोराँ क्लेर हा स्वतः बहिरा होता. तो अमेरिकेला गेला, आणि 1817 साली त्याने व टॉमस गॅलॉडेट याने हार्टफर्ड येथे शाळा सुरू केली. त्या देशात पुढे बहिऱ्या शिक्षकांची एक पिढीच तयार झाली.

मग 1880 साली इटलीतील मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बोलणे खुणांपेक्षा श्रेष्ठ आहे, म्हणून तोंडी पद्धतच वापरावी, असा ठराव तिथे 160 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला. मत देणाऱ्यांत बहिरा प्रतिनिधी एकच होता. त्यानंतर ठिकठिकाणच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या आणि त्यांच्यामागोमाग बहिरे शिक्षकही गेले. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तोंडी पद्धतीचा मोठा पुरस्कर्ता होता. त्याची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नसे. पुढे 2010 साली व्हँकूव्हरच्या परिषदेने मिलानचे ठराव फेटाळले आणि त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. पण तोवर एकशे तीस वर्षे उलटली होती.

मुंबईची शाळा

भारतातील पहिली शाळा निघाली ती मिलाननंतर चार-पाच वर्षांनी, 1884-85च्या सुमारास मुंबईत. मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन हे तिचे संस्थापक आणि टी. ए. वॉल्श हे सुरुवातीचे प्राचार्य. 1893 साली कलकत्त्याला शाळा निघाली. तिच्या संस्थापकांपैकी जामिनीनाथ बॅनर्जी हे प्रशिक्षणासाठी इंग्लंड-अमेरिकेत जाऊन आले. 1890च्या दशकातच दक्षिणेत पाळयंकोट्टईला फ्लॉरेन्स स्वेनसन यांनी काम उभे केले. पुढे महाराष्ट्रातील शहरांत आणि जिल्ह्याच्या गावी शाळा निघत गेल्या. त्यांतील कितीतरी शाळांत तोंडी पद्धतीवरच भर राहिला. आरशासमोर बसून ओठ मिटायचे, गालाला हात लावून कंप ओळखायचा, मेणबत्तीच्या ज्योतीवर ‘प’ आणि ‘फ’ यांच्या फुंकरीतला फरक पाहायचा, असे धडे मुले वर्षानुवर्षे गिरवत.

या कामातील शिक्षकांच्या चिकाटीबद्दल शंका नाही. काही मुले, विशेषतः थोडेफार ऐकू येणारी, या पद्धतीने चांगली बोलू लागली. पण बाकीच्यांचे काय होत होते, हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. वर्गात दोन मुलांना समोरासमोर उभे करा. एकाने आवाज न काढता, फक्त ओठ हलवून पान, बाण, मान, भान यांतला कोणताही एक शब्द म्हणायचा आणि दुसऱ्याने ओळखायचा. उत्तर अंदाजानेच द्यावे लागेल, कारण प, ब, भ, म या चारही वर्णांना ओठ सारखेच मिटतात. त्यांच्यातला फरक घशात आणि नाकात घडतो, तो डोळ्यांना दिसत नाही. क, ख, ग, घ तर तोंडाच्या मागच्या भागात उच्चारले जातात. ते ओठांवर येतच नाहीत. भाषा आधीच येत असलेला माणूस संदर्भावरून गाळलेल्या जागा भरतो. पण जे मूल भाषा शिकतेच आहे, त्याने गाळलेल्या जागा कशाने भरायच्या?

वळसंगच्या वाटेवर

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वळसंग लागते. या साऱ्या पट्ट्यात मराठी आणि कानडी हातात हात घालून नांदतात. सोलापूर शहरात तर विणकरांच्या वस्त्यांतून तेलुगूही ऐकू येते. ऐकू येणारे मूल तीन-चार वर्षांचे होईतो दोन भाषा सहज उचलते. पाण्याला घरी ‘नीरु’, शाळेत ‘पाणी’ आणि शेजारी ‘नीळ्ळु’ म्हणतात, याचे त्याला ओझे होत नाही. बहिऱ्या मुलाला मात्र एकाच वस्तूसाठी तीन वेगळ्या ओठांच्या हालचाली दिसतात, आणि त्या एकाच वस्तूच्या आहेत हे सांगणारे कोणी नसते. ओठ वाचणे जिथे एका भाषेतही निम्मेअर्धे अंदाजाचे, तिथे तीन भाषांच्या गावात काय होत असेल याची कल्पना करावी.

अंगठा ओठांकडे नेऊन ‘पाणी हवे’ असे सांगणारी खूण मात्र तिन्ही घरांत समजते. अशा घरगुती खुणा बहिरे मूल आणि त्याची आई मिळून तयार करतात. त्यांनी जेवण, झोप, राग, बाजार इतके भागते. ‘उद्या पाऊस आला तर आपण जाणार नाही’ हे मात्र सांगता येत नाही. त्यासाठी व्याकरण लागते. आणि व्याकरण एका घरात तयार होत नाही, त्याला बोलणाऱ्यांचा मेळा लागतो.

इथे आपल्या इतिहासातील सर्वांत गमतीची गोष्ट येते. बोलणे शिकवण्यासाठी काढलेल्या शाळांनी गावोगावची एकेकटी मुले प्रथमच एकत्र आणली. वर्गात हात खाली ठेवायला लागत, पण मैदानावर, जेवणाच्या पंगतीत आणि रात्री वसतिगृहात मुले हातांनीच बोलत. मोठी मुले धाकट्यांना शिकवत. निकाराग्वा या देशात हे घडताना शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहिले. 1977 नंतर तिथे बहिऱ्या मुलांच्या शाळा निघाल्या. वर्गात ओठ वाचायला शिकवत होते, आणि बाहेर मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून काही वर्षांत एक नवीच भाषा घडवली. पाठोपाठ आलेल्या लहान मुलांनी तिचे व्याकरण अधिक काटेकोर केले.

हातांचे व्याकरण

खुणांच्या भाषेला खरोखर व्याकरण असते हे प्रथम पद्धतशीर दाखवले ते अमेरिकेतील विल्यम स्टोकी यांनी, 1960 साली. शब्द जसे वर्णांचे, तशा खुणा हाताचा आकार, जागा आणि हालचाल या घटकांच्या बनलेल्या असतात. पुढे असेही दिसले की, मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर खुणांनी बोलणाऱ्या बहिऱ्या माणसाची भाषाही बिघडते, जशी बोलणाऱ्याची बिघडते. म्हणजे मेंदूच्या दृष्टीने भाषा ती भाषाच, मग ती कानांनी येवो की डोळ्यांनी. बहिऱ्या आईवडिलांची बहिरी तान्ही मुले हातांनी ‘बोबडे बोलतात’, हे 1991 साली लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी दाखवले.

भारतात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि बंगलोर येथील बहिऱ्यांच्या खुणांचा अभ्यास केला. वसिष्ठ स्वतः बहिरे. या शहरांत हिंदी, मराठी, बंगाली, कन्नड अशा वेगवेगळ्या भाषा. तरी सुमारे तीन-चतुर्थांश खुणा एकमेकींशी नाते सांगणाऱ्या आणि व्याकरण एकच निघाले. त्यात ‘काय’, ‘कुठे’ असा प्रश्न वाक्याच्या शेवटी येतो. बाईसाठी नाकाशी चमकीच्या जागी बोट नेतात, पुरुषासाठी मिशीची खूण करतात. मराठी-कानडीच्या सीमेवर राहणाऱ्या मुलाला याचा अर्थ फार मोठा आहे: ही एक भाषा आली, तर तो मुंबईच्याही बहिऱ्या माणसाशी बोलू शकतो आणि बंगळूरच्याही.

सरकारी पातळीवर मुंबईत 1983 साली अली यावर जंग संस्था स्थापन झाली. दिल्लीला 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले. त्याचा शब्दकोश 2018 साली 3,000 शब्दांचा होता, 2021 साली 10,000 शब्दांचा झाला. 2016चा दिव्यांग हक्क कायदा आणि 2020चे शैक्षणिक धोरण यांनीही या भाषेला स्थान दिले आहे.

यंत्रे आणि वेळ

मग यंत्रांचे काय? ट्रान्झिस्टरचा शोध 1947चा, आणि बाजारात त्याचा वापर ज्या वस्तूंत सर्वांत आधी झाला, त्यांत श्रवणयंत्र होते. आज यंत्रे कानात मावतात. आतील कानात बसवण्याच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी 2014 पासून केंद्र सरकारच्या योजनेतून मदत मिळते. ही साधने मोलाची आहेत, मात्र चष्म्यासारखी लावली की झाले, असे त्यांचे नाही. साधे श्रवणयंत्र आईचा आवाज मोठा करते तसा मागाचा खडखडाटही मोठा करते. ऐकलेल्याचा अर्थ लावायला मेंदूला सराव लागतो, आणि त्या सरावाला वय असते.

क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखले जाऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा, उशिरा लक्षात आलेल्या मुलांपेक्षा बरीच चांगली होती. म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय, असा दंडक सांगतात. आपल्याकडे पुष्कळ मुलांबाबत मात्र ‘याचा काकाही उशिरा बोलला’ असे म्हणत दोन-तीन वर्षे निघून जातात. मग ‘आधी यंत्राने बोलतो का पाहू, खुणा नंतर’ यात आणखी काही जातात. मूल सहा वर्षांचे होऊन शाळेत येते तेव्हा त्याच्याकडे ना मराठी असते, ना कानडी, ना खुणांची भाषा. त्याचे नुकसान ऐकू न येण्याने झाले त्याहून जास्त ते वाट पाहण्याने झालेले असते. यंत्र आणि खुणा यांत निवड करण्याची गरजच नाही. दोन्ही एकदम सुरू करता येतात.

आपल्या वर्गात

पूर्ण बहिरे मूल चटकन लक्षात येते. कमी ऐकू येणारे मात्र वर्गात वर्षानुवर्षे ‘लक्ष नसलेले’ किंवा ‘ढ’ म्हणून बसून असते. ज्याचा कान वाहतो, जे हाक मारली तर कधी वळते, कधी वळत नाही, श्रुतलेखनात ‘स’ आणि ‘श’ गाळते, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते, त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवावे. वर्गात त्याला पुढे बसवावे, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहावे, फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ‘कळलं का?’ असे विचारले तर ते मान डोलावणारच. त्याऐवजी ‘काय कळलं ते दाखव’ म्हणावे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या शिक्षकांची मदत मागावी. आणि शब्दकोशातील पंचवीस-तीस खुणा साऱ्या वर्गाला शिकवाव्यात. मुले त्या आपल्यापेक्षा लवकर शिकतील, याची खात्री बाळगा.

मुंबईच्या शाळेला एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. वसतिगृहातील मुलांनी दिवे मालवेपर्यंत एकमेकांना जे शिकवले, ते आता शब्दकोशात आणि कायद्यात आले आहे. ते वळसंगसारख्या गावातील बालवाडीपर्यंत वेळेत पोचवणे एवढे काम उरले आहे, आणि ते शिक्षकांवाचून होणारे नाही.