कारभाऱ्याच्या कमरेच्या किल्ल्या

डब्लिनला राहतो म्हटलं की भारतातले नातेवाईक अजून आयर्लंडच्या हवापाण्याची चौकशी करतात. आपलं डब्लिन कॅलिफोर्नियातलं, ५८० आणि ६८० हे महामार्ग एकमेकांना छेदतात तिथलं. १९८२ साली ते शहर झालं, १९९७ साली बार्ट आली, पुढे सायबेसचं मुख्यालय आलं. शेजारच्या प्लेझंटनमध्ये पीपलसॉफ्ट होतीच. इथल्या मराठी घरांत निदान एक जण सॉफ्टवेअरवाला असतो, आणि त्याच्या ऑफिसात कधी ना कधी जेनकिन्स असतोच. तुमच्या घरातला सॉफ्टवेअरवाला सांगेलच, पण थोडक्यात: दहा जणांनी लिहिलेला कोड एकत्र करायचा, त्यातून चालणारा प्रोग्राम बांधायचा, तो तपासायचा आणि सर्व्हरवर चढवायचा, ही रोजची हमाली करणारा हा कारभारी. त्याच्या चिन्हावरही बो टाय लावलेला इंग्रजी बटलरच आहे.

त्याचा जन्म आपल्याच खाडीपलीकडचा. २००४ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये कोहसुके कावागुची नावाचा जपानी अभियंता होता. त्याच्या कोडमुळे सगळ्यांचं बिल्ड मोडायचं आणि सहकारी वैतागायचे. आपली चूक इतरांच्या आधी आपल्याला कळावी म्हणून त्याने एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं हडसन. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. (ओरॅकलने कंपनी घेतली म्हणजे काय होतं, हे प्लेझंटनकरांना २००५ सालीच पीपलसॉफ्टच्या निमित्ताने कळलं होतं.) नावावरून भांडण झालं आणि जानेवारी २०११ मध्ये मतदान होऊन बहुतेक मंडळी नाव बदलून बाहेर पडली. तो जेनकिन्स.

जेनकिन्स पसरला तो प्लगइनमुळे. कुणाला गिटशी जोडणी हवी, कुणाला ईमेल, कुणाला ॲमेझॉनच्या क्लाउडशी. ज्याला हवं त्याने लिहावं आणि सगळ्यांना द्यावं. असे अठराशेहून अधिक प्लगइन झाले. मला ही गोष्ट आजही थोर वाटते. पण हे प्लगइन कारभाऱ्याच्या घरातच राहतात. त्यांच्यासाठी वेगळी खोली नाही. जिथे मुख्य प्रोग्राम चालतो तिथेच, त्याच्याच अधिकाराने तेही चालतात. आणि कारभाऱ्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या: कोडच्या भांडाराची, क्लाउडची, ग्राहकांसाठी चालणाऱ्या सर्व्हरची.

सुरुवातीच्या काळात दाराला कडीही नसे. जेनकिन्स बसवला की ऑफिसच्या नेटवर्कवरचा कुणीही त्याला हुकूम सोडू शके. पहिल्याच पायरीला पासवर्ड मागायला तो २०१६ च्या २.० आवृत्तीपासून लागला. तोवर लाखो कामं उघड्या दाराने झाली होती.

२०१९ मध्ये एनसीसी ग्रुपच्या व्हिक्टर गझदाग या संशोधकाने प्लगइन एकेक करून तपासले आणि शंभराहून अधिक प्लगइनमध्ये भेगा सापडल्या. त्यात अचाट काही नव्हतं, आणि मला तेच जास्त भीतीदायक वाटतं. पासवर्ड डिस्कवर उघड्या अक्षरांत लिहून ठेवलेला. ‘जोडणी तपासा’ हे बटण दाबणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे विचारलेलंच नाही. ही घाईत लिहिलेल्या, शनिवार-रविवारच्या कोडची लक्षणं आहेत. लिहिणारा पुढे नोकरी बदलतो, प्लगइन मात्र हजारो ठिकाणी चालू राहतो. अशा पोरक्या प्लगइनच्या पानावर ‘दत्तक घ्या’ अशी विनंती असते. भेग सापडली आणि लेखकाचा पत्ता नसेल, तर जेनकिन्सची सुरक्षा टीम सूचना तरीही छापते आणि ‘अद्याप दुरुस्ती नाही’ असं स्पष्ट लिहिते. इतका प्रामाणिकपणा पैसे घेऊन सॉफ्टवेअर विकणाऱ्या किती कंपन्या दाखवतात?

पण सूचना कुणीतरी वाचावी लागते. २४ जानेवारी २०२४ ची सूचना घ्या. या वेळी भेग प्लगइनमध्ये नव्हती, मूळ जेनकिन्सच्या कमांड लाइनमध्ये होती. आदेशात @ हे चिन्ह आणि त्यापुढे फाइलचं नाव दिलं की जेनकिन्स त्या जागी फाइलमधला मजकूर घाली. सोयीसाठी ठेवलेली ही युक्ती आर्ग्स-फोर-जे या लायब्ररीतली, आणि तीही कावागुचींचीच. लॉगिन न करता बाहेरच्याला सर्व्हरवरच्या फाइलच्या पहिल्या काही ओळी वाचता येत, थोडा अधिकार असेल तर अख्खी फाइल. दुरुस्ती सूचनेबरोबरच आली होती. तरी आठवडाभरात इंटरनेटवर सुमारे ४५ हजार सर्व्हर दुरुस्तीविना उघडे दिसत होते.

जूनअखेर सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं. तुमच्यापैकी कित्येक जण तिथे भेटले असतील. त्यानंतर महिन्याभराने, ३१ जुलैला, मुंबईतल्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. टीसीएस आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतली ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांची संगणकव्यवस्था पाहते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला असावा, असं महामंडळाने सांगितलं. सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम अडलं. देशाच्या एकूण व्यवहारांत हा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, असं बातम्यांत आलं. पण टक्क्यांचा हिशेब दिल्ली-मुंबईचा. जिल्हा बँकेत पेन्शन जमा होणाऱ्या माणसाला तो काय कामाचा?

बंगळुरूच्या क्लाउडसेक कंपनीने मागोवा घेतला. तिच्या अहवालानुसार हल्ल्याची सुरुवात सी-एजशी जोडलेल्या एका सेवा कंपनीच्या नीट न बसवलेल्या जेनकिन्स सर्व्हरवर झाली, आणि वापरली गेली ती जानेवारीतलीच @ ची भेग. दुरुस्ती येऊन सहा महिने झाले होते.

बँकांची जोडणी १ ऑगस्टला पूर्ववत झाली. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने हीच भेग १९ ऑगस्टला ‘हल्लेखोर प्रत्यक्ष वापरत असलेल्या’ भेगांच्या यादीत घातली आणि इथल्या केंद्र सरकारी खात्यांना ती बुजवायला ९ सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली.