शेरावर विकलेल्या तलवारी, आणि आज जुन्या बाजारात काय उरलंय

दसरा जवळ आला, घरोघरी शस्त्रं पुसायला निघतील, म्हणून हे थोडं लांबलचक लिहितोय. सवडीने वाचा.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या टेक्सासहून लष्करला आला होता. त्यांच्याकडे ‘गन शो’ भरतात. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडून लोक नव्या-जुन्या बंदुका, सुरे, तलवारी, काडतुसं विकायला बसतात. हा हौसेने दोन-तीनदा जाऊन आलेला. म्हणाला, "काका, तिथले जुने लोक सांगतात, पूर्वी अशा ठिकाणी घबाड हाती लागायचं. आता टेबलवाला मोबाइलवर भाव बघूनच चिठ्ठी लावतो. स्वस्त काही उरलं नाही." मग हळूच विचारलं, "पण आपल्याकडे एवढी सरदार घराणी होती. इथल्या जुन्या बाजारात अजून एखादी तलवार स्वस्तात मिळत असेल ना?"

मी लगेच काही बोललो नाही. कारण या प्रश्नाचं उत्तर आमच्याच घरातल्या सहा तलवारींपासून सुरू होतं, आणि त्यातल्या पाच आम्ही स्वतः शेराच्या भावाने विकल्या.

आधी थोडा इतिहास. आपल्या गावाचं नावच लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला, आणि तो तळ पुन्हा हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, पण गोठ, छावणी ही नावं तशीच राहिली. निंबाळकरांची गोठ आणि शिंद्यांची छावणी आजही रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. जो इथे आला तो फौजेबरोबर आला. कोणी शिलेदार, कोणी बारगीर, कोणी पागेचा कारकून. आमचे पूर्वज कारकूनच. पण त्या काळी कारकुनाच्याही खुंटीला तलवार असायची.

मग ही शस्त्रं स्वस्त कधी झाली? पहिली वेळ आली २९ डिसेंबर १८४३ नंतर. त्या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि दोन्हीकडे आपण हरलो. जानेवारी १८४४ च्या तहाने दरबारची फौज ९ हजारांवर आणली गेली, त्यात पायदळ ३ हजारांच्या वर ठेवायचं नाही अशी अट. बाकीचे घरी. पगार बंद झालेल्या शिपायाकडे विकण्यासारखं असतं काय? घोडा आणि हत्यार.

जिंकलेल्या तोफांचं काय झालं, हे तर ऐकण्यासारखं आहे. त्या तोफांच्या धातूतून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी पदकं पाडली. सहा टोकांचा तारा, मधोमध छोटा चांदीचा तारा आणि त्यावर लढाईचं नाव. ‘ग्वाल्हेर स्टार’ म्हणतात त्याला. आज हे तारे इंग्लंडमधल्या पदकांच्या लिलावांत विकायला येतात. म्हणजे आपल्या तोफा अजून बाजारात आहेत, फक्त कोटावर लावायच्या आकारात.

अशी पडझड एकट्या ग्वाल्हेरची नव्हे. आपल्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिलेले मराठी म्हणजे तंजावरकर. १८५५ मध्ये तिथले शेवटचे राजे, सरफोजींचे चिरंजीव शिवाजी, पुत्र नसताना वारले आणि कंपनीने राज्य संपवलं. काही वर्षांनी राजवाड्याचं शस्त्रागार उपसण्यात आलं. निवडक हत्यारं मद्रासच्या संग्रहालयासाठी बाजूला काढली आणि बाकीची मोडून जुनं लोखंड म्हणून विकली. हे आपण रागाने रचलेलं नाही. वॉलहाउस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेच १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त ते लिहून ठेवलंय. त्याच १८७८ साली ब्रिटिश मुलखात शस्त्रांचा कायदा आला. संस्थानांत दरबारचे स्वतःचे नियम चालायचे, त्यामुळे ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या घरांत हत्यारं आणखी दोन पिढ्या टिकली.

दुसरी वेळ आली स्वातंत्र्यानंतर. १९४८ मध्ये ग्वाल्हेर-इंदूर मिळून मध्यभारत झालं. १९५१ च्या कायद्याने जहागिरी गेल्या. सरदारांचं उत्पन्न आटलं, तसं त्यांच्या आश्रयाने चालणाऱ्या आमच्यासारख्या घरांचंही आटलं. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा झाला आणि तो १९६२ पासून देशभर लागू झाला. लोकांच्या मनात धाक बसला की घरात लोखंड ठेवलं तर पोलीस येतील. कायदा नीट वाचला कोणी? कानोकानी जे आलं ते खरं.

आमच्या आबांनी पाच तलवारी विकल्या त्या किलो यायच्या आधी, शेराच्या जमान्यात. थोरल्या आत्याचं लग्न होतं. म्यानांची चांदीची टोकं आधी सोनाराकडे गेली. मग कबाडी दारात आला आणि त्याने पाचही एकदम काट्यात टाकल्या. साडेपाच शेर भरल्या. आजी सांगायची, कबाड्याने मुठीसुद्धा वेगळ्या काढल्या नाहीत, कढई मोजावी तशा मोजल्या. सहावी वाचली ती आजीमुळे. ती म्हणाली, "खंडेनवमीला पाटावर काय विळी ठेवू?" बस, तेवढ्या एका वाक्यावर ती राहिली. एक ठासणीची बंदूक होती, ती आबांनी ठाण्यात जमा केली आणि परत आणायला कोणी गेलंच नाही.

आता जे कोणी म्हणतात की पन्नास-साठ वर्षांपूर्वी जुन्या बाजारात फार स्वस्ताई होती, ते खरंच सांगतात. पण ती स्वस्ताई आमच्यासारख्यांच्या दारातून गेलेली होती. कबाड्याकडून दिल्लीचा व्यापारी घ्यायचा, त्याच्याकडून परदेशी पाहुणा. एकेका मुक्कामाला किंमत दसपट व्हायची.

हे मला कळलं १९८४ च्या सुमारास, दिल्लीला नोकरीत असताना. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मराठा धाटणीची मूठ असलेली तलवार दिसली. हातात घेतली, तर मुठीच्या वाटीवर बारीक ठिपक्यांनी देवनागरीत आडनाव काढलेलं. ते आडनाव इथे लिहीत नाही, कारण त्या घराण्यातली माणसं आजही लष्करात आपल्या शेजारी राहतात. किंमत अठराशे रुपये. माझा पगार चौदाशे. पुढच्या महिन्यात पैसे जमवून गेलो, तर विकली गेली होती. कोणाला, ते दुकानदाराने सांगितलं नाही. सुट्टीत आल्यावर मी त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असेल आमची. कोणी विकली ते मात्र विचारू नकोस." मी विचारलं नाही.

तर आज काय स्थिती आहे? पुतण्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

कबाड्याकडे आता काही नाही. होतं ते गेलं. चुकून आलं तरी त्यालाही मोबाइल आहे.

शहरांतल्या हौसेच्या वस्तूंच्या दुकानांत आणि ऑनलाइन जे ‘दोनशे वर्षं जुनं’ म्हणून मिळतं, ते बहुतेक नवं असतं. यात सगळेच काही लबाड नाहीत. उदयपूरकडे पोलादावर सोन्या-चांदीची तार ठोकायचं कोफ्तगिरीचं काम आजही उत्तम होतं, आणि नवं म्हणून घेतलं तर ते घ्यावंच. फसवणूक होते ती नव्या पात्याला जुनी मूठ बसवून, किंवा तेजाबाने गंज चढवून. आपल्याकडे पातं मुठीत राळ-लाखेच्या मसाल्याने पक्कं करत. तो मसाला ताजा दिसला, किंवा मूठ झिजलेली आणि पातं मात्र कोरं असलं, की समजावं. पोलादावरची नागमोडी नक्षी, जिला जौहर म्हणतात, ती अस्सल असेल तर धातूच्या आतूनच आलेली असते. वरवर काढलेली नक्षी घासली की जाते. पण उलट चूकही होते. गंज काढायला म्हणून आपणच घरची तलवार सॅंडरवर धरतो आणि खरं पातं खराब करतो. तेवढं कृपा करून करू नका. तेलाचं फडकं पुरे.

बंदुकांचं तंत्र वेगळं. आपला ग्वाल्हेर-चंबळ भाग बंदुकीच्या हौसेसाठी प्रसिद्धच. १९८० च्या दशकात सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं बंद झालं, म्हणून देशात आधीच असलेल्या विलायती हत्यारांचे भाव चढले. उलट २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा आली. वारशाने आलेल्याही त्यातच धरायच्या. त्यामुळे जादाच्या बंदुका घरांतून बाहेर निघाल्या. एखादी जुनी बारा बोअरची दुनळी स्वस्तात मिळेलही, पण परवाना नसेल तर ती तुमच्यासाठी फुकटसुद्धा महाग आहे. वडिलांच्या मागे बंदूक राहिली असेल, तर परवाना आपोआप मुलाच्या नावावर होत नाही. अर्ज करावा लागतो आणि तोवर ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावी लागते. ज्या भागांसाठी सरकारने अधिसूचना काढली आहे, तिथे मोठ्या पात्याच्या तलवारीलाही परवाना लागतो. आपल्या जिल्ह्यात काय आहे ते आधी विचारून घ्या. आबांसारखं ऐकीव गोष्टीवर घर रिकामं करू नका.

आणि खरी वस्तू समोर आली, तर तिचा भाव कशावर ठरतो? २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. सरळ युरोपीय पात्याची फिरंगी तलवार आहे ती. तशा धाटणीच्या तलवारी त्या काळी पुष्कळ होत्या. पण हिच्या पात्यावर सोन्याने राघोजी भोसले हे नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब कोरलेला आहे. त्या नावामुळे ती ओळखली गेली आणि त्या नावामुळेच परत आली. आमच्या पाच तलवारींवर नाव नव्हतं. त्या आज समोर ठेवल्या, तरी मी ओळखू शकणार नाही.

हे सगळं ऐकल्यावर पुतण्याने मनातलं सांगितलं. त्याला सहावी तलवार टेक्सासला न्यायची होती. भिंतीवर लावीन, दसऱ्याला पूजा करीन म्हणाला. प्रेमानेच म्हणाला. पण १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, १९७६ पासून लागू. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करायलाही परवाना लागतो. सूटकेसमध्ये घालून नेली तर तो गुन्हाच. त्याचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, कारण त्याच्याशिवाय ती मागणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. वाड्याचा अर्धा भाग बिल्डरला गेलाय. माझ्यानंतर इथे पाट मांडणारं कोणी राहणार नाही.

शेवटी आम्ही दोघांनी एक काम केलं. तलवारीची लांबी मोजली, वजन केलं, दोन्ही बाजूंनी फोटो काढले. ती कोणाकडून कोणाकडे आली, बाकीच्या पाच कधी आणि का गेल्या, आजी काय म्हणाली, हे सगळं मी सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. खाली आम्ही सह्या केल्या. माळ्यावर आजोबांच्या आजोबांचे मोडीतले चार कागद होते, तेही त्याच फाइलला लावले. एक प्रत तो घेऊन गेला. तलवार माझ्यानंतर इंदूरला मुलीकडे जाईल. ती म्हणाली, "बाबा, पूजा मी करीन, पण मंत्र लिहून द्या." ते लिहायचं अजून बाकी आहे.

मोडी कागदांवरून एक सांगायचं राहिलं. बाजारात अजून स्वस्त काय मिळतं असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर तेच आहे. रद्दीच्या दुकानात वाड्यांमधले मोडी कागद, जुने शस्त्र परवाने, पागेच्या पावत्या आजही किलोवर जातात. तलवार कोणाची होती, हे त्यांच्यातच लिहिलेलं असतं. दिसले तर सोडू नका.

या दसऱ्याला आपल्या घरची शस्त्रं पुसताना एक कागद जवळ घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. काय कळलं, ते खाली लिहा. लष्कर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठलेही असा. विकलेल्या वस्तूंचंही लिहा, त्यात लाज नाही. आम्हीही विकल्याच की.