क्रियापदांची काटकसर

भाषा हेतुपुरस्सर घडवू पाहणाऱ्याची खरी कसोटी शब्दसंग्रहापेक्षा क्रियापदात लागते. १८८७ साली वॉर्सा येथे डॉक्टर झामेनहॉफ यांनी एस्परांतो ही कृत्रिम भाषा प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी तीन काळांना तीन प्रत्यय दिले आणि पुरुष व वचन यांचा भेद क्रियापदात मुळीच ठेवला नाही. ‘लेर्नास’ म्हणजे शिकतो, ‘लेर्निस’ म्हणजे शिकला, ‘लेर्नोस’ म्हणजे शिकेल. कर्ता कोणीही असो, रूप तेच.

संस्कृत ही अशी कल्पित भाषा नव्हे. तथापि तिला नित्याच्या व्यवहारात आणू म्हणणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. म्हैसूर येथे पंडित वरदराज अय्यंगार यांनी १९७० च्या जुलैत ‘सुधर्मा’ हे संस्कृत दैनिक सुरू केले. १९७४ मध्ये आकाशवाणीवरून संस्कृत बातम्याही ऐकू येऊ लागल्या. ‘आकाशवाणी’ हे नावही म्हैसूरचेच. प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली तेथे स्थापिलेल्या खाजगी केंद्राचे ते नाव होते.

बातमी म्हणजे बहुधा घडून गेलेली गोष्ट. पाणिनीच्या व्यवस्थेत भूतकाळाचे तीन लकार आहेत. लुङ् सामान्य भूतकाळाचा, आज घडलेल्यालाही चालणारा. लङ् आजच्या पूर्वी घडलेल्याचा. आणि लिट् त्यातही बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्याचा. हा नियम काटेकोर पाळावयाचा, तर कालची ऐकीव बातमी देताना ‘मन्त्री जगाम’ असेच म्हणावे लागेल. अभिजात ग्रंथकारांनीही हा भेद पुष्कळदा सोडून दिला होता. आजचे सुगम संस्कृत तर बहुतेक वेळा ‘गतवान्’, ‘गतवती’ अशा कृदन्तांवर काम भागविते. शिकणाऱ्याचे ओझे त्याने फार हलके होते. मात्र पाहिलेले आणि ऐकलेले यांतील अंतर क्रियापदातून नाहीसे होते, आणि ते निराळ्या शब्दांनी सांगावे लागते.

मराठी माणसाला ही काटकसर परकी वाटू नये. ‘गत’ या कृदन्तापासूनच प्राकृताच्या वाटेने आपले ‘गेला’ आले. म्हणूनच ‘तो गेला’, ‘ती गेली’ असा लिंगभेद मराठी भूतकाळात दिसतो. ‘अगच्छत्’ या संस्कृत रूपात तो नाही. सुगम संस्कृताने विचारपूर्वक पत्करलेले हे वळण प्राकृत बोलणाऱ्या सामान्य जनांनी कित्येक शतकांपूर्वी कोणाच्याही योजनेवाचून घेतले होते. पंडितांना जी आज सवलत वाटते, ती आपल्या घरच्या बोलीची जुनीच रीत आहे.