तळ्यांपासून मिठीपर्यंत : मुंबईच्या पाण्याची दीडशे वर्षे

मुंबई बेटावर बारमाही नदी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहर प्यायचे ते विहिरींचे आणि तळ्यांचे पाणी. तळी बहुधा दानशूर व्यापाऱ्यांनी बांधलेली. कावसजी पटेल, फ्रामजी कावसजी ही नावे त्यांच्याशी जोडलेली आहेत. गोवालिया तळे, बाबुला तळे, मुंबादेवीचे तळे, धोबी तलाव, दोन टाकी ही शहराची पाण्याची ठिकाणे होती. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले, तेव्हा यातली बरीच तळी पाण्याने भरलेली होती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ती एकामागून एक बुजली.

ती बुजवावी लागली, कारण त्यांचे पाणी बिघडले होते. १८४९च्या गणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांवर होती. १८६४च्या खानेसुमारीत ती आठ लाखांच्या पलीकडे गेली. जे तळे हजार-दोन हजार माणसांच्या पिण्यासाठी खोदलेले, त्याच्याच काठी धुणी धुतली जात, गुरे पाण्यावर येत, लोक अंघोळ करत. विहिरींची अवस्था वेगळी, पण बरी नव्हे. घराच्या चौकात विहीर आणि काही हातांवर शौचकूप, अशी वस्तीची रचना होती. मैला वाहून नेण्याचे काम पालिकेच्या दप्तरात ज्यांना ‘हलालखोर’ म्हणत त्या कामगारांवर होते, आणि ते जातीने ठरलेले होते. १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात या नावाचा करसुद्धा होता. टोपल्यांतून जेवढा मैला जाई तेवढा जाई. उरलेला जमिनीत मुरे. मुंबईची जमीन सखल, भरावाची आणि समुद्राच्या पातळीला टेकलेली, त्यामुळे मुरलेले ते विहिरीत यायला वेळ लागत नसे.

या पाण्याची शिक्षा दोन रोगांनी दिली. पटकी आली की दिवसांत माणसे जात. नारू हा दुसरा रोग. त्याने माणूस मरत नसे, पण महिनोन्महिने अंथरुणाला खिळे. नारू झालेल्या माणसाने फोड आलेला पाय पाण्यात बुडवला की जंताच्या अळ्या पाण्यात सुटतात, सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलजीव त्या गिळतो आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांबीचा जंत तयार होतो. पायऱ्या उतरून आत जाता येते अशा विहिरी आणि तळी यांच्याशिवाय या चक्राचे चालत नाही. हे विज्ञान शतकाच्या उत्तरार्धात उलगडले, पण नळाचे पाणी आलेल्या वस्तीतून नारू हटतो हे लोकांना अनुभवाने कळत होते. (भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते २००० साली.)

पाणी बिघडण्याइतकीच त्याची टंचाईही होती. १८५०च्या दशकाच्या मध्यावर पावसाने ओढ दिली, तेव्हा गुरे माहीमकडे हलवावी लागली आणि बाहेरून आणलेले पाणी शहरातल्या कोरड्या विहिरींत ओतावे लागले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने १८५२ साली शहराच्या आरोग्यस्थितीवर सविस्तर अहवाल दिला होता. त्यात मलनिस्सारण आणि पाणीपुरवठा या दोन्हींचा विचार होता. पाण्याची योजना आधी मार्गी लागली. साष्टी बेटाच्या डोंगरात, गोपर नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहावर विहार तलावाचे धरण बांधण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. १८६० मध्ये ३२ इंच व्यासाच्या बिडाच्या नळातून विहारचे पाणी मुंबईत पोहोचले. योजना दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटरची होती.

यातला क्रम नीट पाहण्यासारखा आहे. पाणी आले, ते बाहेर जाण्याची सोय मात्र मागे राहिली. तळ्याहून घागरीने पाणी आणणारे घर ते जपून वापरते, नळ असलेले घर तसे वापरत नाही. वापर वाढला तसे सांडपाणी वाढले, आणि ते उघड्या गटारांतून, पडीक जागांतून, वाड्यांच्या बोळांतून साचू लागले. शहराचे मुख्य गटार म्हणजे पावसाचे पाणी वरळीकडे नेण्यासाठी केलेला एक सखल चर होता. त्यात मैला उतरत गेला. भरतीच्या वेळी चराच्या तोंडाची दारे बंद ठेवावी लागत, तेव्हा ते सगळे शहराच्या मधोमध तुंबून राही. १८६५ नंतर आर्थर क्रॉफर्ड हे महापालिका आयुक्त आणि डॉ. हेवलेट हे आरोग्य अधिकारी असताना स्वच्छतेचा धडाका सुरू झाला, पण भूमिगत मलवाहिन्यांचे काम रडतखडत चालले. वरळीला लव्हग्रोव्हचे पंपिंग स्टेशन होऊन मैला समुद्रात सोडायची व्यवस्था लागली ती शतक संपत आले तेव्हा.

दरम्यान तहान भागत नव्हती. १८७९ मध्ये तुळशी, १८९० च्या सुमारास पवई, १८९२ मध्ये तानसा. यातला पवई तलाव या इतिहासातली शिकवण देणारी फसगत आहे. घाईघाईने बांधलेल्या या तलावाचे पाणी पिण्याजोगे ठरले नाही. तो पाणीपुरवठ्यातून वगळला गेला आणि आज त्याचे पाणी पिण्याखेरीज इतर कामांना वापरतात. शहराने त्यातून धडा घेतला तो एवढाच की आणखी दूर जावे. तानसा मुंबईपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे.

मलबार हिलवरच्या जलाशयाची गोष्ट त्याच काळातली. त्याच्यावर १८८१ मध्ये बाग केली गेली. जवळच पारशी समाजाचे दोखमे, म्हणजे प्रेते उघड्यावर ठेवण्याच्या जागा, असल्याने पाणी झाकण्यासाठी बाग झाली असे सांगतात. खरे असो वा नसो, पिण्याचे पाणी उघडे ठेवू नये ही जाणीव तोवर मुरली होती हे नक्की.

१८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. प्लेग पाण्यातून पसरत नाही, उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो. पण तेव्हाच्या अनेक अधिकाऱ्यांनी दोष दिला तो नळाच्या पाण्याने भिजून गेलेल्या, निचरा नसलेल्या जमिनीला. कारण चुकले, निरीक्षण बरोबर होते: पाणी आणले, त्याला वाट दिली नाही.

जुन्या विहिरी मागे राहिल्या होत्या, आणि त्यांचा शेवट मलेरियाने केला. १९११ साली चार्ल्स बेंटली यांच्या पाहणीत शहरातल्या मलेरियाचा डास प्रामुख्याने विहिरींत वाढतो असे दिसले. पालिकेने विहिरी बुजवण्याचा आणि झाकण्याचा तगादा लावला, तेव्हा हिंदू आणि पारशी कुटुंबांनी कडाडून विरोध केला. पूजेला वाहते किंवा विहिरीचे पाणी लागे, नळाचे चालत नसे. अखेर झाकण आणि त्यात जाळीचा दरवाजा अशी तडजोड निघाली. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहरामची विहीर आजही पूज्य आहे. तळी मात्र बहुतेक उरली नाहीत. गोवालिया तळ्याच्या जागी मैदान झाले आणि ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘भारत छोडो’ची हाक तिथून दिली गेली. सी. पी. टँकला, म्हणजे कावसजी पटेलांच्या तळ्याच्या जागी, आता तळे शोधून सापडत नाही.

विहारच्या धरणाचा दुसरा परिणाम हळूहळू उघड झाला, आणि तो अधिक खोल आहे. विहार आणि पवई यांचे सांडवे ज्या नदीला मिळतात ती मिठी. सुमारे अठरा किलोमीटर लांबीची ही नदी आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना या भागांतून येते आणि धारावीला लागून माहीमच्या खाडीत शिरते. धरणाने तिचे उगमाकडचे पाणी अडवले, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांत तिच्यात स्वतःचे पाणी जवळपास उरलेच नाही. नदीत मैला मिसळला की त्यातले सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. नदी भरभरून वाहत असेल तर पुढच्या प्रवाहात तो भरून निघतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत स्वच्छ पाण्यातही लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅमच ऑक्सिजन राहतो. चारच्या खाली गेला की बहुतेक मासे तगत नाहीत. शून्यावर आला की वेगळ्या जातीचे जिवाणू काम हाती घेतात आणि हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. माहीम पुलावरून जाणाऱ्या मुंबईकराला हे रसायनशास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही.

मिठीच्या काठी शहराने जे-जे नको होते ते लोटले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चामड्याचे कारखाने मध्यवस्तीतून धारावीत आले. चामडे कमावताना निघणारा चुना, केस, मांसाचे अवशेष आणि पुढच्या काळात क्रोमियम खाडीत उतरले. धारावी मुळात कोळ्यांचे गाव. खाडी गाळाने भरत गेली आणि त्यांची मासेमारी संपली. १८४०च्या दशकात जेजीभाई कुटुंबाच्या देणगीतून माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता झाला होता, त्यानेही खाडीचे तोंड आखडले होते. १९४९ नंतर शहरातले तबेले बाहेर काढून आरे दुग्ध वसाहत उभारली गेली. शहराच्या आरोग्यासाठी तो निर्णय योग्यच होता, पण हजारो म्हशींचे शेण ज्या उतारावर साचले तो मिठीचा उतार होता. कुर्ला-साकीनाक्याच्या पट्ट्यात तेलाची पिंपे धुणारी आणि भंगाराची दुकाने आली. नंतर विमानतळाची धावपट्टी नदीवर आली आणि तिला वळणे घ्यावी लागली, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वांद्रे-कुर्ला संकुलासाठी पाणथळ जमीन भरली गेली. या प्रत्येक पावलाला त्या वेळी स्वतःचे समर्थन होते. एकत्र मांडली की ती एकाच सवयीची रूपे दिसतात. घाण जिथे होते तिथे तिचा बंदोबस्त करण्यापेक्षा तिला शेजारी ढकलणे स्वस्त पडत होते.

कायदे बरेच आधी आले होते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. कारखान्याला संमतिपत्र घ्यावे लागते, सांडपाणी ठरावीक मर्यादेत प्रक्रिया करून सोडावे लागते. या चौकटीत सांडपाण्याचा ठरावीक नळ असलेला मोठा कारखाना पकडता येतो. मिठीत मिसळणारे बहुतांश पाणी मात्र कारखान्याचे नाही. ते मलवाहिनी न पोहोचलेल्या वस्त्यांचे आहे, आणि त्या वस्त्यांना शौचालय किंवा मलवाहिनी देणे हे काम ज्या संस्थेचे, तिच्यावर खटला भरणे मंडळाला सोपे जात नाही. पावसाचे नाले आणि मैल्याच्या वाहिन्या वेगवेगळ्या ठेवण्याची व्यवस्था कागदावर आहे. जमिनीवर नाला हीच अनेक वस्त्यांची मलवाहिनी असते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हे सगळे एकदम दिसले. भराव, अतिक्रमणे, गाळ, वळवलेली पात्रे, भरतीची वेळ यांच्या मेळाने मिठी शहरात पसरली. त्याच वर्षी मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. त्यानंतरचा पैसा प्रामुख्याने पात्र रुंद आणि खोल करण्यावर, तटबंदीवर आणि गाळ काढण्यावर गेला. पुराच्या दृष्टीने ते आवश्यक होते. पाण्याच्या गुणवत्तेत त्याने काही फरक पडत नाही. गाळ उपसला की तेच सांडपाणी पुन्हा भरते.

समुद्राच्या बाजूला काम थोडे पुढे गेले होते. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या मुंबई मलनिस्सारण प्रकल्पात, विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढल्या काही वर्षांत वरळी व वांद्रे येथून किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून अधिक आत समुद्राखालून बोगदे गेले. शहर कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात मलनिस्सारण विभागांत विभागले गेले. पण वरळी-वांद्र्याला मैल्यातला कचरा आणि वाळू गाळून उरलेले पाणी खोल समुद्रात सोडणे एवढीच प्रक्रिया होती. समुद्र मोठा आहे, तो सामावून घेईल, या गृहीतकावर ती उभी होती.

तिकडे स्वच्छ पाण्याची वाट लांबतच गेली. १९५० च्या दशकात वैतरणेवर मोडक सागर, नंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज सात तलावांतून दिवसाला सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी शहरात येते. त्यातले बरेचसे भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन घरात पोहोचते. यातले मोठे तलाव ज्या शहापूर तालुक्याच्या आसपास आहेत, तिथले आदिवासी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

प्रतिबंधाचा उपाय आता समुद्र सारे सामावून घेईल हे जुने गृहीतकच उलटवून मांडला गेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये वरळी, धारावी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथल्या सात नव्या प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकूण क्षमता दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर आहे. त्यांत जैविक प्रक्रिया होईल; म्हणजे नदीत जिवाणूंना करावे लागणारे काम टाकीत, हवा पुरवून, आटोक्यात करून घेतले जाईल. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा काही भाग पिण्याखेरीज इतर कामांना परत वापरण्याचा विचार आहे. मिठीसाठी वेगळी योजना आखली आहे: बापट नाला आणि सफेद पूल नाला यांतले कोरड्या दिवसांतले सांडपाणी नदीत पडण्याआधी अडवून भूमिगत बोगद्याने धारावीच्या केंद्रात न्यायचे. या दोन नाल्यांखेरीज नदीला मिळणारे इतर लहान प्रवाह आणि अजून मलवाहिनी नसलेल्या वस्त्या तरीही उरतातच. केंद्रांच्या क्षमतेचा उपयोग होण्यासाठी तिथपर्यंत घरगुती जोडण्या पोहोचाव्या लागतात, आणि त्या गल्लीबोळांत टाकण्याचे काम टाक्या बांधण्यापेक्षा अवघड आहे.