काचेतला सफाईवाला आणि काशीची गंगा

प्रवाळांच्या टाकीत कोणता मासा चालतो? खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. उत्तर माशाच्या तोंडात असतं. क्लाउनफिश प्रवाळ खात नाही, तो चालतो. सर्जनफिश शेवाळ खरवडतो, तोही बहुधा चालतो. बटरफ्लायफिशच्या बऱ्याच जाती मात्र जिवंत प्रवाळच टिपून खातात, म्हणून त्यांना वेगळी टाकी लागते. आपल्या समुद्रातल्या कठीण प्रवाळांना तर २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

टाकीसाठी आपण एवढा विचार करतो. नदीसाठी केला का? त्यासाठी काशीला जाऊ.

नव्या माशांचा इतिहास चांगल्या हेतूंचा आहे. १९२८ मध्ये डासांच्या अळ्या खाण्यासाठी गंबुशिया इटलीहून भारतात आला. १९३९ मध्ये कॉमन कार्प आला, १९५२ मध्ये टिलापिया आला, तो ताटात मासळी वाढावी म्हणून. यांचा उपयोग काय, हे प्रत्येक वेळी विचारलं गेलं. आधीपासून राहणाऱ्यांचं काय होईल, हे मागे राहिलं. आज कॉमन कार्प आणि टिलापियाचा भाऊबंद नाईल टिलापिया गंगेत ठाण मांडून आहेत. रोहू, कटला आणि मृगळ यांना त्याच पाण्यात अन्न शोधायचं आहे.

काशीत एक वेगळा प्रयोगही झाला. गंगा कृती योजनेच्या काळात, १९८९ मध्ये, रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचं सुमारे सात किलोमीटरचं पात्र कासव अभयारण्य झालं. अहिल्याबाईंचा घाट, भोसले घाट, शिंदे घाट, सगळे याच पट्ट्यात येतात. सारनाथच्या केंद्रात वाढवलेली कासवं नदीत सोडली, ती अर्धवट जळालेले अवशेष खाऊन पाणी स्वच्छ ठेवतील म्हणून. प्रयोग किती साधला यावर वाद आहे, पण ती कासवं याच नदीकुळातली होती. २०२० मध्ये अभयारण्याचा दर्जा काढण्यात आला.

त्याच २०२० मध्ये रामनगरजवळ मच्छीमारांच्या जाळ्यात एक विचित्र मासा आला. अंगावर चिलखत, तोंड खालच्या बाजूला. बनारस हिंदू विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी ओळखलं, हा दक्षिण अमेरिकेतला सकरमाउथ कॅटफिश. बाजारात त्याला ‘सकर’ म्हणतात. टाकीची काच चाटून साफ करतो, म्हणून घरोघरी नेतात. बोटभर पिल्लू हातभर वाढलं की टाकी पुरत नाही. मारवत नाही, मग जीवदान म्हणून नदीत सोडतात.

इथे पुण्याचा हिशेब उलटा पडतो. हा मासा हवेतूनही श्वास घेतो, गढूळ पाण्यात तगतो, काठ पोखरून बिळात अंडी घालतो. चिलखतामुळे त्याला खाणारे थोडे. जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. नुकसान निषादांच्या होडीत जाऊन बसतं.

फौजेत चौकीवरचा जवान आत येणाऱ्याचं फक्त काम विचारत नाही. तो कुठला आणि परत कसा जाणार, हेही विचारतो. टाकीत चुकलेला मासा संध्याकाळपर्यंत बाहेर काढता येतो. गंगेतून तो काढायला कोणतंही जाळं पुरत नाही.

तेव्हा मित्रहो, मासा आणताना तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, हे दुकानदाराला आधी विचारा. नको झाला तर दुकानात परत द्या, दुसऱ्या शौकिनाला द्या. गंगेत, गोदावरीत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. जय हिंद.