आधी नाक, मग पाना

उल्हासनगर म्हणजे मुळात कल्याण कॅम्प, दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर बराकींत सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली गावाला आजचं नाव मिळालं. जुनी माणसं अजून कॅम्पच म्हणतात. गल्लोगल्ली माल बनू लागला, म्हणजे टेम्पो आलेच. 1986 साली टाटा 407 आली, 2005 मध्ये छोटा हत्ती. अंबरनाथ-बदलापूरच्या आम्हा मिस्त्रींची चूल त्यांच्यावरच पेटली.

सिग्नलवरून निघताना इंजिन बोंबलतं, गाडी मात्र रांगते, ही तक्रार जुनीच. उस्ताद सांगायचे, आधी नाक लाव. जळका वास आला की क्लच प्लेटवर संशय. मग पेडलचा प्ले. तो अजिबात नसेल तर प्लेट पूर्ण धरतच नाही. शेवटी चाकांना ओट लावून, हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक, चालूच राहिलं तर घसरतोय. ही परीक्षा एकदाच. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळते.

जुन्या प्लेटींच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ आम्ही तोंडाने फुंकायचो, मास्क कुणाला ठाऊक!

ओव्हरलोड आणि हाफ क्लचची सवय, निम्मे क्लच यांनीच मरतात. पण प्लेटवर ऑइल दिसलं तर क्रँकचं मागचं सीलही बदलून घ्या, नाहीतर नवी प्लेटही घसरेल आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा द्यावी लागेल.